कुरकुरणारा लाकडी जिना घरच्या घरी गप्प कसा करायचा

जिना कुरकुरायला लागला की घरातलं कुणीतरी हातोडी आणतं आणि आवाज येणाऱ्या पायरीवर वरून दोन चुका (बारीक खिळे) ठोकतं. पंधरा दिवस बरे जातात. मग तोच आवाज परत सुरू होतो, आणि आता त्यात चुकेचं चिरकणंही मिसळलेलं असतं. गुळगुळीत चूक लाकूड आवळून धरत नाही. पायरीवर दिवसभर वजन पडत राहिलं की ती आपल्याच भोकात वरखाली सरकते आणि भोक मोठं करत जाते. शिवाय पुढे नीट काम करायचं ठरवलं तर या चुका आधी उपटाव्या लागतात, ते वेगळंच.

लाकडावर लाकूड घासतं म्हणून करकर होते. घासायला हालचाल लागते आणि हालचालीला फट लागते. फट कुठे आहे हे कळलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं पाचर, डिंक आणि स्क्रूचं.

सोलापूरच्या हवेत लाकूड का हलतं

मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, बाळीवेस या भागांतल्या जुन्या घरांत माळ्यावर किंवा माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) जाणारे लाकडी जिने अजून रोज वापरात आहेत. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, पण रुंदीत आटतं. दहा-अकरा इंच रुंदीची सागवानी फळी पावसाळ्यातून उन्हाळ्यात येईपर्यंत एक ते अडीच मिलिमीटर अरुंद होऊ शकते. खाचेत घट्ट बसलेली फळी मग सैल होते. म्हणून होळीनंतर वाढत गेलेली कुरकुर गणपतीपर्यंत बरीच कमी झालेली असते आणि घरच्यांना वाटतं, जिना आपोआप बरा झाला.

दुरुस्तीचा मोसमही यावरूनच ठरवा. सप्टेंबरात लाकूड फुगलेलं असताना फटी दिसत नाहीत, आणि तेव्हा बसवलेली पाचर पुढच्या मेमध्ये हाताने निघून येते. मार्च ते मे ही खरी वेळ. काम सकाळी नऊच्या आत उरकायचं, कारण दुपारच्या झळांत पांढऱ्या डिंकावर काही मिनिटांतच साय धरते आणि साय धरलेला डिंक चिकटत नाही.

आधी जिना कसा बनलाय ते बघा

पायरीचे दोन भाग असतात: पाय ठेवायची आडवी फळी आणि तिच्याखाली समोरून दिसणारी उभी फळी. दोन्ही बाजूंना जाड तिरक्या फळ्या असतात, त्यांना इथे ‘बाजू’ म्हणू. जुन्या जिन्यांत बहुधा बाजूंना आतून खाचा पाडून त्यांत आडव्या फळ्या सरकवलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात बाजूच वरून दातेरी कापलेली असते आणि फळ्या तिच्यावर टेकवून ठोकलेल्या असतात. माळ्यावर जाणाऱ्या उभट जिन्यांना कित्येकदा उभ्या फळ्या नसतातच. तिथे आवाज फक्त खाचांतूनच येतो आणि काम सोपं असतं.

जिन्याखालून हात पोचतो का, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. पोचत असेल तर वरून एकही भोक पाडू नका. जिन्याखालचं सामान, पिंपं, चपला, जुन्या सतरंज्या, सगळं बाहेर काढण्याचा कंटाळा केला की माणूस वरून स्क्रू मारायला लागतो, आणि पायरीवर कायमचे डाग उरतात.

खाली शिरण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. जुन्या घरांत विजेचा मीटर आणि लाकडी पट्टीवरची वायरिंग हमखास जिन्याखाली असते. ड्रिल चालवायच्या आधी वायर कुठून गेली आहे ते बॅटरीच्या उजेडात बघा, मेन स्विच बंद करा आणि चार्जिंगचं ड्रिल वापरा. दुसरी गोष्ट वाळवीची. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळ्या आणि बाजू ठोकत जा. चांगलं लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं भसभशीत वाजतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक हाताच्या दाबाने पाव इंच आत गेलं, मातीची नळी दिसली किंवा पायरी वजनाने खाली बसते असं वाटलं तर जिना वापरणं थांबवा आणि सुताराला बोलवा. ते काम फळी बदलण्याचं आहे, या लेखातले उपाय तिथे चालणार नाहीत.

आवाजाची जागा पकडणं

याला दोन माणसं लागतात, आणि घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

एकजण वर चढतो, दुसरा खाली बॅटरी घेऊन बसतो. वरचा माणूस पायरीवर सहा जागी वजन देतो: पुढच्या कडेला डावीकडे, मध्ये, उजवीकडे, मग मागच्या कडेला तसंच. प्रत्येक जागी एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश झुलायचं, उड्या मारायच्या नाहीत. खालच्याने बोटाचं टोक अर्धं एका फळीवर, अर्धं दुसऱ्या फळीवर टेकवून सांध्यावर ठेवायचं. कानापेक्षा बोट जास्त विश्वासाचं आहे. आवाज लाकडातून लांब जातो आणि चौथ्या पायरीची करकर तिसरीची वाटते. पण हालचाल जिथली तिथेच बोटाला लागते. सापडलेल्या जागी खडूने खूण करा.

लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून जवळ ठेवा. तो सांध्यात सरकला तर फट आहे. पूर्ण आत गेला तर पाचर लागेल. टोकच गेलं तर डिंक आणि स्क्रूने भागेल. कागद कुठेच जात नाही पण आवाज येतोय, असं असेल तर संशय चुकेवर घ्या. डोकं थोडं वर आलेली, भोवती काळपट कडं असलेली चूक शोधा. तिच्यावर बोट ठेवून कुणाला तरी पायरीवर झुलायला लावलं की चूक बोटाखाली हललेली कळते.

तेरा-चौदा पायऱ्यांच्या जिन्यात बोलणाऱ्या पायऱ्या सहसा तीन-चारच निघतात, त्याही रोज पाय पडणाऱ्या मधल्या.

तात्पुरता उपाय: पावडर

घरात पाहुणे आहेत, बाळ झोपत नाही, आणि आत्ता सामान काढणं शक्य नाही. अशा वेळी टाल्कम पावडर कागदाच्या घडीवर घेऊन सांध्यात फुंका आणि पायरीवर दहा-बारा वेळा झुला. पावडर आत उतरते आणि घर्षण कमी होतं. ग्रॅफाइटची पूड जास्त टिकते, पण ती काळी असते आणि पायाला लागून घरभर फिरते. मेणबत्ती उभ्या सांध्यावर घासली तरी काम होतं. हे सगळं महिना-दोन महिन्यांचं.

तेल घालू नका. खोबरेल असो की मशीनचं, ते लाकडात जिरतं, धूळ धरतं आणि त्या जागी पुढे डिंक कधीच चिकटत नाही. मेणाचंही तेच, म्हणून जिथे नंतर डिंकाचं काम करायचंय तिथे मेण न लावता पावडरच वापरा. ती ब्रशने झाडून काढता येते.

खालून: पाचर

खाचेच्या जिन्यात आडव्या फळीखाली, खाचेच्या आत जी फट पडते ती पाचरीने भरतात. जुन्या जिन्यात बऱ्याचदा मूळ पाचर तिथेच सैल होऊन पडलेली सापडते. ती काढा, जुना डिंक पटाशीने खरवडा, आणि लाकूड धड असेल तर तीच परत वापरा.

नवी करायची असेल तर लाकूड मुरलेलं हवं. वखारीत सागवानाचे टाकाऊ तुकडे मिळतात. घरात मोडलेल्या जुन्या हातमागाचं लाकूड पडून असेल तर त्याच्याइतकं वाळलेलं लाकूड विकत मिळायचं नाही. पाचर चार इंच लांब, एक इंच रुंद, जाड टोकाला ८ मिमी आणि पातळ टोकाला १ ते २ मिमी. रेषा लांबीच्या दिशेने हव्यात. आडव्या रेषांची पाचर ठोकताना मधोमध तुटते आणि अर्धी आत अडकून बसते. उतार मोजूनमापून सारखा ठेवा. जास्त उतार दिला तर ती नुसत्या टोकाने टेकते आणि महिन्याभरात मागे सरकते.

फट ब्रशने साफ करा, सुताच्या वेस्टने पुसा. पाचरीच्या दोन्ही बाजूंना फेविकॉलसारखा पांढरा डिंक पातळ लावा, हाताने जाईल तेवढी आत ढकला, मग हलक्या हातोडीने ठोकत जा. सुरुवातीचा आवाज पोकळ, ‘टक टक’ असा असतो. चार-सहा ठोक्यांनंतर तो बदलून जड, ‘ठप’ असा होतो. तिथे थांबायचं. आणखी एक ठोका मारावासा वाटतो, तो मारू नका. पाचर तेवढ्याने फळी वर उचलते, शेजारचा चांगला सांधा उघडतो आणि आवाज एका जागेवरून दुसरीकडे जातो. उन्हाळ्यात गच्च ठोकलेल्या पाचरीने पावसाळ्यात फळी फुगल्यावर बाजूला चीरही जाऊ शकते. बाहेर उरलेलं टोक दुसऱ्या दिवशी हॅक्सॉच्या पात्याने कापून टाका. डिंक ओला असताना कापलं तर पाचर हलते.

खालून: ठोकळे

आडवी फळी आणि तिच्या पुढच्या कडेखालची उभी फळी जिथे मिळतात, त्या आतल्या कोपऱ्यात त्रिकोणी ठोकळे बसवतात. दोन इंच बाय दोन इंचाची पट्टी कर्णरेषेत चिरून चार-चार इंचांचे तुकडे करा. अडीच फूट रुंदीच्या जिन्याला दर पायरीला दोन ठोकळे पुरतात, तीन फुटांच्या वर तीन.

ठोकळ्याच्या काटकोनातल्या दोन्ही बाजूंना डिंक लावून तो कोपऱ्यात दाबा आणि अर्धा-पाऊण इंच मागेपुढे घासा. घासता घासता तो एकदम धरतो, हाताला जड लागतो. मधली हवा आणि जादा डिंक निघून गेल्याची ती खूण. मग एक स्क्रू वर आडव्या फळीत, एक समोर उभ्या फळीत. ६ नंबरचा दीड इंची स्क्रू इथे बरोबर लागतो, पण आधी फळीची जाडी मोजा. पायरीच्या वर स्क्रूचं टोक आलं तर अनवाणी पायाला कळेल. ड्रिलच्या बिटला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळली की भोक तिच्यापुढे जात नाही. स्क्रू पिळताना वर कुणाला तरी पायरीवर उभं करा, म्हणजे फट मिटलेल्या अवस्थेत सांधा आवळला जातो. ही गोष्ट विसरली तर सगळं काम फट तशीच ठेवून पक्कं होतं.

मागची कडही बघून घ्या. आडव्या फळीची मागची कड वरच्या पायरीच्या उभ्या फळीला टेकते. आवाज तिथला असेल तर खालून, उभ्या फळीच्या पाठीतून आडव्या फळीच्या कडेत ८ नंबरचे दोन इंची स्क्रू आठ-दहा इंचांवर मारा.

डिंक २४ तास वाळू द्या. त्या काळात त्या पायरीवर पाय पडता कामा नये. खडूची फुली कुणी पाहत नाही, दोरी बांधा.

खालून वाट नसेल तर वरून

जिन्याखाली प्लायने बंद केलेलं कपाट असेल किंवा खालून गिलावा असेल तर वरूनच काम करावं लागतं. इथे मापाला महत्त्व आहे, कारण स्क्रू वीस मिलिमीटर जाडीच्या उभ्या फळीच्या बरोबर मध्यावर उतरायला हवा. आडवी फळी उभीच्या पुढे किती आली आहे ते मोजा. समजा २५ मिमी. त्यात उभीच्या जाडीचे निम्मे १० मिमी मिळवा. म्हणजे पुढच्या कडेपासून ३५ मिमीवर रेघ मारायची. पाच मिलिमीटर चुकलात तर स्क्रू उभी फळी फाडत बाहेर येतो. उभीची जाडी दिसत नसेल तर जिन्याची सगळ्यात वरची किंवा उघडी कड शोधून तिथे मोजा.

रेघेवर टोकांपासून तीन-तीन इंच सोडून एकेक आणि एक मध्ये, अशी तीन भोकं. क्रम असा:

१. आधी १० मिमीच्या बिटने फक्त ८ मिमी खोल. यात स्क्रूचं डोकं बसेल आणि वर गुडदी, म्हणजे लाकडी बूच, येईल.

२. त्याच्या मध्यातून ३ मिमीच्या बिटने आडव्या फळीतून उभ्या फळीत. ३ मिमीचं लांब बिट मागून घ्या, साधं बिट चकमधून जेमतेम दीड इंच बाहेर राहतं आणि उभीपर्यंत नीट पोचतच नाही. दर अर्ध्या इंचाला बिट बाहेर काढून भुसा झटका, नाहीतर ते तापतं आणि आतच तुटतं. दोन आणा.

३. मग ४.५ मिमीच्या बिटने तेच भोक फक्त आडव्या फळीपुरतं मोठं करा. आडव्या फळीत स्क्रूचे आटे धरायला नकोत, ते उभीतच धरायला हवेत. दोन्हीत धरले तर फट आहे तशीच राहते.

४. माणूस पायरीवर उभा, आणि ८ नंबरचा अडीच इंची स्क्रू साबणाच्या वडीवर घासून हळूहळू पिळायचा. ड्रिल मंद वेगावर ठेवा, शेवटचे दोन फेरे हाताने.

प्लायबोर्ड-जिप्समसाठी मिळणारे काळे स्क्रू इथे घेऊ नका. ते ठिसूळ असतात. जुन्या कडक सागवानात डोकं तुटून उरलेला दांडा आत राहतो. पितळी स्क्रू दिसायला छान, पण मऊ. पितळीच हवे असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून काढून घ्या आणि त्या आट्यांत पितळी बसवा.

भोकावर त्याच लाकडाची १० मिमीची गोल गुडदी डिंक लावून ठोका, रेषा पायरीच्या रेषांना जुळवून. वाळल्यावर पटाशीने सपाट करा, १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर. भुसा आणि पांढरा डिंक कालवून भोक बुजवण्याची सवय बऱ्याच जणांना आहे. त्यावर पॉलिश चढत नाही, फिकट ठिपके कायम दिसतात. भुसाच भरायचा असेल तर तो चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशमध्ये कालवा.

सैल जुन्या चुका परत ठोकू नयेत. जंबुऱ्याखाली पातळ लाकडी पट्टी ठेवून उपटा, भोकात डिंक लावलेली सागवानी काडी बसवा आणि नवा स्क्रू तिथून इंचभर बाजूला घ्या. डोकं तुटलेली चूक निघत नसेल तर सुंब्याने (खिळा आत दाबायच्या लोखंडी दांड्याने) आत खोल बसवून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरा.

भिंतीकडची बाजू

पायऱ्या सगळ्या घट्ट झाल्या तरी जिना चढताना एकच लांब कण्हल्यासारखा आवाज येतो, अशी तक्रार जुन्या घरांत असते. तेव्हा पायरीत काही शोधू नका, जिन्याची अख्खी बाजू भिंतीपासून सुटलेली असते. माती-दगडाच्या भिंतीत ठोकलेले लोखंडी खिळे वर्षानुवर्षांच्या ओलीने सैल होतात. तिथे प्लास्टिकची गिट्टी घालून स्क्रू मारणं व्यर्थ, माती गिट्टीला धरत नाही. जिन्याशेजारी लाकडी खांब किंवा तुळई असेल तर बाजू तिला लोखंडी एल-पट्टीने आवळा. तसं काही नसेल तर बाजूखाली मध्यावर लाकडी टेकू द्या. टेकूचं खालचं टोक शहाबादी फरशीवर येईल तिथे रबराचा तुकडा ठेवा, म्हणजे फरशी धुताना पाणी लाकडात चढणार नाही. जिन्याचं स्वतःचं खालचं टोकही याच पाण्याने कुजतं, तेही वाकून बघा.

कठड्याचे गज कुरकुरत असतील तर प्रत्येक गज हाताने फिरवून बघा. जो फिरतो त्याच्या बुडात डिंक आणि पातळ पाचर. विशेष काही नाही.

लोखंडी सांगाड्यावरच्या पायऱ्या

जुळे सोलापूरकडच्या रो-हाउसमध्ये लोखंडी चौकटीवर लाकडी फळ्या टाकलेला जिना जास्त दिसतो. तिथे लाकूड लोखंडावर घासतं. डिंकाचा उपयोग नाही, कारण उन्हाळ्या-पावसाळ्याला लाकूड कमीजास्त होतं आणि लोखंड त्या मापात हलत नाही. खालचे नट-बोल्ट काढा, फळी उचला, चौकटीच्या पट्टीवर ३ मिमीची रबरी पट्टी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी चिकटवा आणि नटाखाली स्प्रिंग वॉशर घालून पुन्हा आवळा. फळीतली भोकं बोल्टपेक्षा एक-दीड मिलिमीटर मोठी हवीत. भोक तंतोतंत असेल तर पहिल्याच कडक उन्हाळ्यात फळी बोल्टच्या रेषेत चिरते. आवळताना रबर थोडं फुगलं की पुरे. पार चेपलं तर लोखंड पुन्हा लाकडाला लागतं.

काय आणि किती आणायचं

तेरा पायऱ्यांचा, अडीच फूट रुंदीचा जिना धरून हिशोब. सगळ्या पायऱ्या खालून करायच्या असतील तर २६ ठोकळे, ३० ते ४० पाचरी, पांढरा डिंक अर्धा किलो, ६ नंबरचे दीड इंची स्क्रू साठ आणि ८ नंबरचे दोन इंची चाळीस. वरून काम असेल तर ८ नंबरचे अडीच इंची स्क्रू प्रत्येक पायरीला तीन आणि तेवढ्याच गुडद्या. एवढं सगळ्यांना लागणार नाही. वरून काम करताना बोलणाऱ्या पायऱ्यांनाच हात लावा. खालून मात्र एकदा सामान हलवलंच आहे तर सगळ्या पायऱ्यांना ठोकळे मारून घ्या, कारण ते सामान दुसऱ्यांदा कुणी हलवत नाही.

काम संपल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सहा जागांची झुलण्याची तपासणी करा, खडूच्या खुणांवर. एखादी बारीक करकर उरली असेल तर तिला पावडर चालेल. मग दसरा-दिवाळीनंतर, लाकूड परत आटायला लागलं की, पाचरी एकदा बोटाने हलवून बघा. एखादी हललीच तर ती काढून, खरवडून, ताजा डिंक लावून परत बसवायची.